पायथन व अन्य आज्ञावली भाषांचा एकत्र वापर

एकाच संगणकीय प्रणालीतील काही भाग पायथनमध्ये आणि उरलेले भाग सी, जावा यांसारख्या भाषांमध्ये लिहून ते परस्परांशी जोडण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली पायथन ही भाषा लिहिण्यास सोपी, परंतु चालण्यास तुलनेने संथ आहे. त्यामुळे मोठी आकडेमोड बहुधा सीमध्ये लिहिलेल्या भागाकडे सोपवली जाते. भाषांच्या या सांध्यावर काही अडचणी वारंवार उद्भवतात.

पार्श्वभूमी

पिंपरी-चिंचवड व चाकण हा वाहने आणि त्यांचे सुटे भाग बनवणारा औद्योगिक पट्टा आहे. अशा कारखान्यांतील यंत्रे पीएलसी या नियंत्रकावर चालतात. पीएलसीच्या लॅडर आदी भाषांचे आयईसी ६११३१-३ हे मानक प्रथम १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. नियंत्रकातील नोंदी गोळा करून त्यांचे विश्लेषण करण्यासाठी पायथन सोयीची ठरते.

प्रमुख अडचणी

संख्यांची मर्यादा : पायथनमधील पूर्णांकास ठरावीक मर्यादा नसते. नियंत्रकातील १६ बिटांचा चिन्हांकित पूर्णांक मात्र −३२,७६८ ते ३२,७६७ एवढाच असतो. चिन्हविरहित नोंदीतील ४०,००० ही संख्या चिन्हांकित समजून वाचल्यास −२५,५३६ अशी दिसते.

बाइटांचा क्रम : १९७९ पासून प्रचलित असलेल्या मॉडबस संदेशपद्धतीत संख्येचा मोठा बाइट आधी येतो, तर नेहमीच्या संगणकात लहान बाइट आधी साठवला जातो. क्रम उलटा वाचला गेल्यास २५ अंश तापमान ६,४०० होते.

भागाकार : −७ ला २ ने पूर्णांकी भागल्यास पायथन −४ देते, तर सी −३ देते. बाकीही अनुक्रमे १ व −१ अशी भिन्न येते.

देवनागरी मजकूर : ‘चाकण’ या शब्दात पायथन ३ च्या गणनेने ४ वर्णसंकेत आहेत, यूटीएफ-८ मध्ये मात्र तो १२ बाइट व्यापतो. सीमध्ये १० बाइटांचीच जागा राखल्यास शेवटचे अक्षर तुटते किंवा शेजारची स्मृती बिघडते.

लायब्ररीचा मेळ : जुन्या यंत्रासोबत आलेली ३२ बिटांची लायब्ररी ६४ बिटांच्या पायथनमध्ये थेट उघडत नाही. तसेच सीटाइप्स वापरताना फलनाचा परतावा-प्रकार सांगितला नाही, तर तो पूर्णांक गृहीत धरला जातो व दशांश उत्तर चुकते.

जागतिक कुलूप : रूढ सीपायथनमध्ये एका वेळी एकच धागा पायथनच्या आज्ञा चालवतो. सीमधील दीर्घ काम करणाऱ्या भागाने हे कुलूप सोडले नाही, तर इतर धागे खोळंबतात.

परिणाम व उपाय

यांपैकी लायब्ररी न उघडण्याची चूक लगेच कळते. संख्येची चूक अधिक घातक असते, कारण प्रणाली न थांबता चुकीचे आकडे नोंदवत राहते आणि त्यांवरूनच भट्टीचे तापमान किंवा मालाची गुणवत्ता ठरवली जाते. म्हणून संख्येचा प्रकार, बाइटक्रम व मजकुराची संकेतपद्धती सांध्यावरच स्पष्ट लिहितात. उत्तर आधीच ठाऊक असलेली संख्या, विशेषतः ऋण व मर्यादेवरची, दोन्ही बाजूंनी पाठवून पडताळतात. ३२ बिटांची लायब्ररी स्वतंत्र प्रक्रियेत चालवून तिच्याशी संदेशांद्वारे व्यवहार करणे हा सुरक्षित मार्ग मानला जातो.