माळ मोकळा नाही!

सोलापुरातून अक्कलकोटच्या रस्त्याने निघाले की कुंभारी लागते. इथल्या माळावर २००६ साली गोदूताई परुळेकर वसाहतीत १० हजार विडी कामगार महिलांना हक्काचे घर मिळाले. जानेवारी २०२४ मध्ये रे नगरातील १५ हजार घरांच्या किल्ल्या असंघटित कामगारांच्या हाती पडल्या. भाड्याच्या खोलीत विड्या वळणाऱ्या बाईला स्वतःचे छप्पर मिळाले, याचा आम्हाला अभिमानच आहे. प्रश्न वेगळा आहे. सरकारी कागदावर माळ म्हणजे ‘पडीक’. पडीक म्हणजे कुणाचाच नाही, असे गृहीत धरले जाते. पण माळ खरोखर मोकळा असतो काय?

सोलापूरच्या माळावर धनगर बांधवांची मेंढरे चरतात. आमच्या वस्तीतील भूमिहीन माउलीच्या दोन शेळ्या त्याच गवतावर जगतात. लांडगा, काळवीट आणि माळढोकही त्याच गवताचे रहिवासी. म्हणजे गुराखी, वनखाते आणि पर्यावरणवादी या तिघांनाही हवे आहे ते गवतच. तरीही तिघे एकमेकांचे वैरी का झाले?

याचे उत्तर बार्शी रस्त्यावरच्या नान्नजला मिळते. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आले. जमिनीच्या व्यवहारापासून लहानसहान कामापर्यंत परवानगीचे लचांड मागे लागले. लोकांचा राग सरकारवर निघायचा तो बिचाऱ्या पक्ष्यावर निघाला. पुढे हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. रेषा मोठी होती तेव्हाही माळढोक घटत गेला. रेषा लहान केल्यावरही तो परतला नाही. आज नान्नजला त्याचे दर्शन दुर्मिळ झाले आहे.

माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालते. पावसाळ्यात तिथे कळप फिरला किंवा मोकाट कुत्री आली की ते गेलेच. हे मेंढपाळानेही मान्य केले पाहिजे. पण दोष एकट्या मेंढीचा नाही. उघड्या गवतात राहणाऱ्या या पक्ष्याच्या माळावर गिरिपुष्पाची झाडे कुणी लावली? उडताना धडकून तो मरतो, त्या विजेच्या तारा मेंढपाळाने ओढल्या काय? लांडगा कोकरू उचलून नेतो तेव्हा मागे काहीच उरत नाही. मग पंचनामा कशाचा करायचा आणि भरपाई कशी मिळायची? नुकसान गरिबाचे आणि निसर्गप्रेमाचे पुण्य मात्र दुसऱ्याचे, हा कुठला न्याय?

आम्ही आपल्या चळवळीलाही एक प्रश्न विचारतो. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १९७८ आणि १९९१ च्या शासन निर्णयांनी गायरान कसणाऱ्या दलितांना काहीसा आधार दिला. ती जमीन आमच्या पोटाची आहे, तिच्यावरचा हक्क आम्ही सोडणार नाही. पण उरलेले गायरान मेंढपाळासाठी राखण्याच्या लढ्यात आम्ही त्याच्या बाजूने उभे राहतो काय? बौद्ध आणि धनगर बांधव बांधावर भांडत राहिले तर फायदा जमीन हडपणाऱ्या प्रस्थापितांचाच होतो.

यावर उपाय म्हणून समित्या निघतात, ठराव होतात. पण ठरावाने काय होते, हे आम्हाला कुणी शिकवू नये. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव मंजूर झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो बांधवांसह तळ्यावर जावेच लागले! कागदावर सार्वजनिक असलेली गोष्ट प्रत्यक्षात सर्वांची होतेच असे नाही. माळाचेही तेच आहे. समितीत सरपंच, अधिकारी आणि शहरातले पक्षीमित्र बसतील आणि शेळीवाली बाई बाहेर उभी राहील, तर तो समेट नव्हे, तो जुनाच गावगाडा!

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. विणीच्या पावसाळ्यात माळाचा ठरावीक भाग बंद ठेवा. पण त्या काळात कळपाला दुसरीकडे चारा द्या. नंतर ते गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीनांना आणि मेंढपाळांना द्या. राखणदारीची कामे त्यांच्याच मुलांना योग्य मजुरीवर द्या. लांडग्याने नेलेल्या कोकराची भरपाई गावकऱ्यांच्या साक्षीवर मिळू द्या. गवताळ माळावर झाडे लावणे थांबवा. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचाही चराईहक्क मानला आहे. वनजमिनीवर तो अमलात आणा.

कुंभारीच्या माळावर कष्टकऱ्यांची घरे झाली ती संघटनेच्या बळावर. उरलेले माळही तसेच वाचतील. मेंढपाळ, शेळीवाली आणि पक्षीमित्र एका सतरंजीवर, बरोबरीने बसले पाहिजेत. बरोबरी नसेल तर समेट कसला? पुढच्या ग्रामसभेत माळाचा विषय निघेल तेव्हा बांधवांनो, मागे उभे राहू नका. पुढे जाऊन बसा!