कान ज्याचा, वेग त्याचा

आमच्या न्यासाच्या वाचनालयात दृष्टिहीन बंधुभगिनींसाठी संगणक ठेवला, तेव्हा आपल्या हातून एक चांगले कार्य पार पडले अशी आम्हां कार्यकर्त्यांची समजूत झाली. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. परंतु यंत्र आणून ठेवणे निराळे आणि ते दुसऱ्याच्या उपयोगी पडणे निराळे, हे उमजण्यास आम्हांस काही महिने लागले. ज्या सभासदांच्या घरी असा प्रसंग असेल त्यांचे तेवढे महिने वाचावेत, एवढ्याच हेतूने हा अनुभव येथे सांगत आहोत.

डोळस माणूस पडदा पाहतो. दृष्टिहीन माणूस तो ऐकतो. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या आज्ञावलीस स्क्रीन रीडर म्हणतात. माउसवाचून, केवळ कळफलकावरून सर्व काम चालते. आमच्याकडे एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर आहे. मायकेल करन ह्या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने 2006 साली त्याचा आरंभ केला. पुढे जेम्स टेह हे दुसरे दृष्टिहीन तज्ज्ञ त्यांस येऊन मिळाले. तो विनामूल्य मिळतो, ही आमच्यासारख्या संस्थांस मोठीच सोय होय.

आता आमची चूक सांगतो. महाविद्यालयात शिकणारा एक विद्यार्थी रोज सायंकाळी येत असे. तो यंत्राचा आवाज इतका जलद करी की आम्हांस त्यातील एकही शब्द कळेना. यंत्र बिघडले असे समजून तो गेल्यावर आमच्यापैकी कोणीतरी वेग कमी करून ठेवी. एनव्हीडीए बंद होताना झालेला बदल आपोआप जतन करतो. म्हणून दुसऱ्या दिवशी त्या मुलास यंत्र रेंगाळत बोलताना सापडे. असे कितीतरी दिवस चालले. अखेर त्याचे येणे थांबले. आम्ही घरी चौकशीस गेलो, तेव्हा तो म्हणाला, “काका, तो वेग तुमच्या कानासाठी होता. त्या वेगाने एक धडा ऐकायला मला सारी संध्याकाळ लागायची.”

आम्ही खजील झालो. सरावलेला दृष्टिहीन वाचक आपल्या बोलण्याच्या कितीतरी पट वेगाने ऐकू शकतो. आपली नजर पानावरून झरझर फिरते, तसेच हे आहे. आपण त्याचा वेग उतरवतो, तेव्हा दयेपोटी त्याच्या डोळ्यांवर दुसरी पट्टी बांधतो.

तेव्हा यंत्राची जुळवणी कशी करावी, हे आता क्रमाने पाहू. एनव्हीडीएच्या बहुतेक आज्ञा इन्सर्ट ही कळ दाबून धरून द्यावयाच्या असतात. हवे असल्यास हे काम कॅप्स लॉककडे सोपवता येते.

पहिली गोष्ट वेग. इन्सर्ट व कंट्रोल धरून डावा किंवा उजवा बाण दाबला, की आवाज, वेग, पट्टी, मोठेपणा असे एकेक नाव ऐकू येते. त्यातील हवे ते आले की वरच्या व खालच्या बाणांनी ते कमीजास्त करावे. लॅपटॉपची मांडणी निवडली असल्यास त्याबरोबर शिफ्टही धरावी लागते. नवशिक्याने सावकाश आरंभ करावा आणि दर आठवड्यास थोडा वेग वाढवावा. कान आपोआप तयार होतो.

दुसरी गोष्ट भाषा. आम्हां इंदूरकरांच्या घरात मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीक ह्या वाचायंत्रात ह्या तिन्ही भाषा आहेत. त्याचा आवाज यांत्रिक वाटतो खरा, परंतु अतिशय जलद वेगातही तो स्पष्ट राहतो, म्हणून जाणते लोक तोच पसंत करतात. इन्सर्ट, कंट्रोल व व्ही ह्या कळांनी वाचेची सर्व मांडणी उघडते. तेथे भाषा निवडावी.

तिसरी गोष्ट विरामचिन्हे. इन्सर्ट व पी दाबून चिन्हे किती उच्चारावयाची ते ठरते. गोष्ट ऐकताना प्रत्येक स्वल्पविराम कानी पडला तर जीव कावतो. परंतु हिशेब किंवा अर्ज तपासताना एकही चिन्ह सुटून चालत नाही. काम पाहून पातळी बदलावी.

चौथी गोष्ट टंकलेखन. इन्सर्ट व 2 ह्या कळांनी टंकलेले प्रत्येक अक्षर ऐकावे की नाही, आणि इन्सर्ट व 3 ह्यांनी प्रत्येक शब्द ऐकावा की नाही, हे ठरते. काचबिंदूने उतारवयात दृष्टी गेलेले एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे येतात. त्यांस अक्षर न् अक्षर ऐकल्यावाचून धीर येत नाही. त्या विद्यार्थ्यास मात्र तीच गोष्ट कटकटीची वाटते.

बोलणे तत्काळ थांबवावयाचे तर नुसती कंट्रोल दाबावी. इन्सर्ट व 1 दाबल्यावर कोणतीही कळ दाबली तरी ती काम न करता स्वतःचे नाव व कार्य सांगते. पुन्हा तेच दाबले की हा पाठ संपतो. शिकणाऱ्याची भीती घालवण्यास ह्यासारखा उपाय नाही.

मग एका संगणकावर गुरुजी आणि विद्यार्थी दोघांचे कसे जमावे? ह्याचे उत्तर त्या विद्यार्थ्यानेच आम्हांस दाखवले. एनव्हीडीएच्या साधनांच्या यादीतून त्याची फिरती प्रत पेन ड्राइव्हवर करता येते आणि आपली मांडणी तीत बरोबर नेता येते. आता दोघांच्याही खिशात आपापला पेन ड्राइव्ह असतो. संगणकावरील मूळ प्रतीत, बंद होताना बदल जतन करण्याची खूण आम्ही काढून टाकली आहे. जाणूनबुजून जतन करावयाचे तर इन्सर्ट, कंट्रोल व सी. काही बिघडलेच तर इन्सर्ट, कंट्रोल व आर एकदा दाबताच शेवटची जतन केलेली मांडणी परत येते.

घरच्या मंडळींस आमची एवढीच विनंती आहे. आवाज तुम्हांस कर्कश वाटला तर हेडफोन आणून द्यावा, वेगास हात लावू नये. शिकवताना कळफलक आपल्याकडे ओढू नये. कळ सांगावी आणि ती त्यांच्याच बोटाने दाबू द्यावी. ‘त्याला जमत नाही’ असे म्हणण्यापूर्वी मांडणी कोणी केली, हे एकदा विचारावे.

तो विद्यार्थी पुन्हा येऊ लागला आहे. तो बसलेला असताना यंत्रातून काय येते ते आम्हांस आजही कळत नाही, आणि ते कळावे अशी आता आमची अपेक्षाही नाही.