नोट कोणत्या पानावर?

संग्राहकांच्या सूचीत कागदी चलनाची पहिली विभागणी नोट कोणी काढली यावरून होते. रंग, चित्र आणि आकार यांचा विचार त्यानंतर येतो. 1861 च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार प्रेसिडेन्सी बँकांकडून ब्रिटिश हिंदुस्थान सरकारकडे गेला आणि 1935 मध्ये तो रिझर्व्ह बँकेकडे आला, त्यामुळे सूचीचे मोठे विभागही याच क्रमाने पडतात. स्वतःच्या नोटा असलेल्या हैदराबादसारख्या संस्थानाला वेगळे पान मिळते. बडोद्याचा बाबाशाही रुपया मात्र नाण्यांच्या सूचीतच शोधावा लागतो. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या पुढाकाराने 1908 मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ बडोदाचे जुने धनादेश कितीही देखणे असले, तरी ते, किंवा पेढ्यांच्या हुंड्या, म्हणजे ठरावीक रक्कम देण्याच्या लेखी सूचना, नोटांत मिसळणे ही ढिलाईच होय.

विभागाच्या आत दर्शनी मूल्य, मग स्वाक्षरी आणि शेवटी क्रमांकाजवळचे छोटे अक्षर पाहिले जाते. 1938 च्या पहिल्या पाच रुपयांवर गव्हर्नर जेम्स टेलर यांची सही आहे, तर 1943 मध्ये गव्हर्नर झालेल्या चिंतामणराव देशमुखांच्या सहीची तीच नोट स्वतंत्र प्रकार ठरते. एक रुपयाची नोट भारत सरकारची असल्याने तिच्यावर गव्हर्नरांऐवजी वित्त सचिवांची सही असते. छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी घातलेली, क्रमांकात तारा असलेली नोट 2006 पासून दिसते आणि तिची नोंद वेगळी केली जाते.