लांब, लांब, आखूड, लांब

भारतातून आलेले आई-वडील पहिल्याच रात्री विचारतात, "अरे, इथे सुद्धा गाडी एवढी बोंबलते?" न्यूयॉर्क-वॉशिंग्टन मार्गाजवळ, म्हणजे एडिसन वगैरे भागात राहणाऱ्यांना हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण त्या मार्गावर रस्त्याच्या पातळीवरचं फाटकच उरलेलं नाही. पण मिडवेस्टमधल्या लहान गावात रूळ गावाच्या मधून जातात, आणि मालगाडी रात्री दोनलाही येते.

ड्रायव्हर हौसेने भोंगा वाजवत नाही. २००५ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमाप्रमाणे प्रत्येक सार्वजनिक फाटकाच्या आधी १५ ते २० सेकंद तो वाजवावा लागतो. दोन लांब, एक आखूड, परत एक लांब. इंजिनाच्या पुढे १०० फुटांवर आवाज किमान ९६ आणि जास्तीत जास्त ११० डेसिबल. अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे भोंगा कमाल आवाजाचा असेल तर ८०० फुटांवरच्या बेडरूमच्या खिडकीशी अजून ९० च्या आसपास! (हा माझा उघड्या माळाचा हिशेब, मधे घरं असली तर कमी.) पूर्वी बऱ्याच राज्यांत पाव मैल आधीपासून वाजवायची पद्धत होती. ताशी २० मैलांनी रांगणारी गाडी मग चांगली ४५ सेकंद कोकलायची. आता निदान ते थांबलं.

मग बंदच का करत नाहीत? फ्लोरिडाने ते करून पाहिलं. १९८४ साली तिथे कायदा झाला आणि फ्लोरिडा ईस्ट कोस्ट रेल्वेच्या मार्गावर गावोगावी रात्रीचे भोंगे बंद झाले. फाटकं होती, दिवे होते, घंटा होत्या. तरी रात्रीचे अपघात जवळपास तिप्पट झाले. दिवसाचे मात्र होते तेवढेच राहिले. शेवटी १९९१ मध्ये केंद्राने आणीबाणीचा हुकूम काढून भोंगे परत सुरू केले. भरधाव मालगाडीला थांबायला मैलभर लागतो हो, ब्रेक मारून काही उपयोग नसतो.

त्यातूनच 'क्वाएट झोन'ची सोय निघाली. निदान अर्ध्या मैलाचा पट्टा हवा, त्यातल्या सार्वजनिक फाटकांना दांडी आणि दिवे हवेत, आणि भोंग्याची उणीव भरून काढायला आणखी काहीतरी: रस्त्याच्या चारी बाजूंना दांड्या, किंवा मधोमध उंच दुभाजक. आपल्याकडे लोक स्कूटर आडवी करून दांडीखालून काढतात. इथले मोटार वळवून अर्ध्या दांडीला वळसा घालतात, एवढाच फरक. धोका दिसला तर ड्रायव्हर क्वाएट झोनमध्येही भोंगा वाजवू शकतो, आणि वाजवावाच.

अर्ज मात्र गावाने किंवा कौंटीने करायचा, तुम्ही-आम्ही नाही. खर्चही बहुधा गावाच्या माथी, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्समधून आपल्याच. तेव्हा टाउन कौन्सिलच्या सभेला जाऊन बसा. नुसतं "झोप येत नाही" म्हणू नका, दुभाजकाचा आग्रह धरा. आणि घर घ्यायचं असेल तर रिअल्टर दुपारी तीनला दाखवेल. तुम्ही एकदा रात्री अकरानंतर गाडी लावून तासभर तिथे बसा.