आकडा हुकतो, मन मात्र अडकते

धुळे-सोलापूर महामार्गावरचे मांजरसुंबा म्हणजे वाटा एकत्र येण्याचे ठिकाण. अशा कुठल्याही फाट्यावर जुगाराच्या आवडीही नाना तऱ्हेच्या दिसतात. कुणी मटक्याचा आकडा लावतो, कुणी लॉटरीचे तिकीट घेतो, कुणाला तिरटच लागते, तर कुणाचा खेळ मोबाइलवर चालतो. ही निवड उगीच होत नाही.

पत्ते किंवा सट्टा खेळणाऱ्याला थरार हवा असतो, ‘डोके चालवून जिंकलो’ हे समाधानही हवे असते. चिंता, उदासी विसरू पाहणारा मात्र विचार न करता पटापट चालणारा खेळ धरतो.

१९६०च्या दशकात मुंबईत रुजलेल्या मटक्यात आकडा स्वतः निवडायचा असतो, आणि इथेच मन फसते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एलन लँगर यांच्या १९७५ मधील प्रयोगात एक डॉलरचे लॉटरी तिकीट स्वतः निवडणाऱ्यांनी ते विकायला सरासरी आठ डॉलरहून अधिक मागितले. ज्यांच्या हाती ते नुसते दिले होते, त्यांनी दोनहून कमी. जिंकण्याची शक्यता दोघांची सारखीच! स्वप्नातला किंवा गाडीच्या नंबरचा आकडा ‘आपला’ वाटतो, तो असाच.

हिशेब साधा आहे. दहा आकड्यांतून एक लागणार आणि लागला तर साधारण नऊपट मिळणार. म्हणजे लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी दहा रुपये जाणारच. ‘सात बरेच दिवस आला नाही, आज येईल’ हाही भ्रम. आकड्याला कालचे काही आठवत नसते.

सात लावला आणि आठ आला, तर ‘थोडक्यात हुकले’ वाटते. केंब्रिजमधील २००९च्या अभ्यासात अशा हुकण्यानेही मेंदूतील जिंकल्यावर जागे होणारे काही भाग जागे झालेले दिसले. म्हणून हरलेला उठत नाही. त्यात कर्ज असेल तर तोटा भरून काढायला तो आणखी मोठी जोखीम घेतो.

जागतिक आरोग्य संघटना जुगाराच्या व्यसनाला आजार मानते. कंपवाताच्या काही औषधांनीही ही ओढ वाढते. मात्र औषध स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

खेळ लपवणे, उसनवारी, गेलेला पैसा परत मिळवण्याचा ध्यास ही धोक्याची लक्षणे. घरच्यांनी शपथा घालू नयेत आणि गुपचूप कर्जही फेडू नये. पैशाचा व्यवहार काही काळ आपल्या हाती घ्यावा. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार मिळतात. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. आत्महत्येचे विचार बोलून दाखवले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.