पडद्याआडची सून आणि शापाचा वाडा
मुलांच्या एका भुताळी खेळातून मोठ्यांनीही शिकावे असे काही

माझी भाची आठवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे राहायला आली होती. रात्रीची जेवणे आटोपली, भांडी झाली, आणि ती आमच्या जुन्या संगणकासमोर जाऊन बसली. थोड्या वेळाने हाक आली, "आत्या, इकडे ये ना गं. माझ्याजवळ बस. मला एकटीला भीती वाटते."

"भीती वाटते तर बंद कर तो खेळ," मी म्हणाले.

"बंद नको गं! मजा येते. तू फक्त जवळ बस."

मी चहाचा कप घेऊन शेजारी बसले. पडद्यावर एक जुनापुराणा वाडा होता. लांबच लांब काळोखे दालन, भिंतीवर टांगलेली चित्रे, कुठेतरी घड्याळाची टिकटिक. खरे सांगायचे तर पहिल्यांदा माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. आपण बौद्ध माणसे. भूत-पिशाच्च मानत नाही, आणि आपल्या लेकरांनी भुताचे खेळ खेळायचे? पण तीन-चार रात्री तिच्याजवळ बसून तो खेळ पाहिला आणि माझे मत बदलले. ते का बदलले, हे आपल्या कुटुंबांतील आयाबायांना सांगावे म्हणून हा लेख.

कोण ही नॅन्सी ड्र्यू?

खेळाचे नाव आहे 'कर्स ऑफ ब्लॅकमूर मॅनर', म्हणजे ब्लॅकमूर वाड्याचा शाप. तो २००४ साली अमेरिकेतील 'हर इंटरॅक्टिव्ह' या कंपनीने काढला. त्याची नायिका नॅन्सी ड्र्यू ही तरुण मुलगी गुप्तहेर आहे. नॅन्सी मूळची पुस्तकातली. तिची पहिली पुस्तके १९३० साली अमेरिकेत निघाली. वर लेखिकेचे नाव कॅरोलिन कीन असे छापलेले असे, पण ते टोपणनाव होते. सुरुवातीची बरीच पुस्तके प्रत्यक्षात मिल्ड्रेड वर्ट या बाईंनी लिहिली. पुढे १९९८ पासून या कंपनीने नॅन्सीवर संगणकाचे खेळ काढायला सुरुवात केली. ब्लॅकमूर हा त्यांतला अकरावा. संगणकाचे खेळ म्हणजे मुलांची मारामारी आणि बंदुका, अशी समजूत असताना या कंपनीने मुलींसाठी खेळ काढले आणि त्यांत बंदुकीऐवजी भिंग दिले.

या खेळात कुणाला मारायचे नसते. वाड्यात फिरायचे, कपाटे-पुस्तके तपासायची, घरातल्या माणसांशी बोलायचे, कोडी सोडवायची. अडले तर नॅन्सी आपल्या मैत्रिणींना फोन लावते. सोपा आणि अवघड असे दोन प्रकार आहेत. आणि घातक चूक झालीच, तर खेळ 'दुसरी संधी' देतो. चुकीच्या आधीच्या क्षणाला नेऊन सोडतो आणि म्हणतो, पुन्हा विचार कर. म्हणूनच भीती वाटली तरी जीव घाबरा होत नाही. उबदार गोधडीत बसून आजीकडून गोष्ट ऐकावी तसे वाटते.

वाड्यातली नवी सून

आता गोष्ट ऐका. इंग्लंडमध्ये ब्लॅकमूर नावाचा शेकडो वर्षांचा वाडा आहे. त्यात पेनव्हेलिन नावाचे खानदानी घराणे राहते. घरचा कर्ता पुरुष ह्यू याने लिंडा नावाच्या अमेरिकन मुलीशी दुसरे लग्न केले आहे. तो सरकारी कामासाठी परदेशी. घरात त्याची आत्या, पहिल्या बायकोपासूनची बारा वर्षांची मुलगी जेन आणि जेनला शिकवणारी एक कडक बाई. घराण्याचा अभ्यास करणारा मुखर्जी आडनावाचा एक गृहस्थही तिथे आहे. हो, आणि एक बोलका पोपट!

लग्न होऊन लिंडा या वाड्यात येते आणि आजारी पडते. पलंगाभोवतीचा पडदा ओढून ती आत बसून राहते. कुणाला तोंड दाखवत नाही. या घराण्याला शाप आहे, तो आपल्याला लागला आहे आणि आपण हळूहळू पशू होत चाललो आहोत, अशी तिची खात्री पटलेली असते. लिंडाची आई नॅन्सीची शेजारीण. लेकीच्या काळजीने ती नॅन्सीला तिकडे पाठवते.

हे पाहताना मला आमची चाळ आठवली. मी लहान असताना शेजारच्या खोलीत एक नवी सून आली होती. महिन्याभरात ती गप्प गप्प राहू लागली. जेवण टाकले. कोपऱ्यात तोंड फिरवून बसू लागली. रात्री मध्येच ओरडून उठे. बायका म्हणाल्या, "बाधा झाली." कुणी म्हणाले, "पिंपळाखालून आली असेल." घरातल्यांनी भगताला आणले. अंगारा झाला, गंडादोरा झाला, लिंबू-नारळाचे उतारे झाले, तिला मिरचीची धुरी दिली. सासऱ्याने पतपेढीतून कर्ज काढले. एवढे सगळे झाले, पण "पोरी, तुला काय होतंय?" हा प्रश्न तिला एकाही माणसाने विचारला नाही. शेवटी तिचा भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला, दवाखान्यात नेले आणि ती बरी झाली.

नॅन्सी त्या वाड्यात गेल्यावर सगळ्यात आधी काय करते? ती लिंडाच्या पडद्याजवळ उभी राहते आणि तिला विचारते. पुन्हा पुन्हा जाऊन विचारते.

शापामागचे कारण

इथे शेवट सांगावा लागतो आहे. ज्यांना खेळ स्वतः सोडवायचा असेल त्यांनी पुढचा परिच्छेद मुलांकडून मागाहून वाचून घ्यावा.

त्या वाड्यात शाप नसतो. लिंडाच्या मनात शापाची भीती भरवणारे आणि तिला आजारी पाडणारे माणूस त्याच घरातले असते. ती असते बारा वर्षांची जेन. तिचे आईबाप वेगळे झालेले. बाप परदेशी, आई दूर, आणि घरात अचानक नवी आई आलेली. या बाईला घालवून दिले की आपले आईवडील पुन्हा एकत्र येतील, असे त्या पोरीला वाटत असते. म्हणून तिने हे सारे रचलेले असते. तिने केले ते वाईटच. पण त्या मोठ्या वाड्यात जेनजवळ बसून तिचे दुःख विचारणारेही कुणी नव्हते.

इथे माझी भाची एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "आत्या, म्हणजे भूत नव्हतंच. दोघीही नुसत्या दुःखी होत्या."

मी तरी याहून वेगळे काय सांगणार होते?

पुष्कळ खेळांत आणि सिनेमांत भूत खरेच निघते. मांत्रिक येतो, मंत्र म्हणतो आणि भूत पळते. असला सिनेमा पाहून मूल उठते ते मांत्रिकावर विश्वास घेऊन. या खेळात मूल उठते ते कारण शोधून. दोन्हींत काळोख आहे, दोन्हींत भीती आहे. पण फरक फार मोठा आहे, आणि मुलांसाठी खेळ निवडताना आईबापांनी हाच फरक पाहावा.

तथागतांनी भीतीचे काय केले?

मज्झिम निकायात भयभेरव सुत्त आहे. त्यात तथागत आपला स्वतःचा अनुभव सांगतात. संबोधी मिळण्यापूर्वी ते मुद्दाम रात्रीच्या वेळी, लोक ज्यांना भितात अशा रानातल्या जागी जाऊन राहिले. कधी एखादे जनावर जवळ येई, कधी मोर काटकी पाडी, कधी वाऱ्याने पाचोळा सळसळे. मनात येई, हेच ते भय! त्यावर त्यांनी काय केले? चालत असताना भय आले तर चालत राहूनच ते घालवले. बसलेले असताना आले तर बसूनच घालवले. ते पळाले नाहीत आणि कुणाला नवसही बोलले नाहीत. कालाम लोकांनाही त्यांनी हेच शिकवले की केवळ ऐकीव आहे, परंपरेने चालत आले आहे म्हणून काही खरे मानू नका, स्वतः पारखून घ्या.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्याला हा धम्म दिला. आपण देव्हारे काढले. पण सून आजारी पडली, लेकराला फिट आली की अजूनही काही घरांतून आधी भगताकडे आणि मग दवाखान्यात, अशी वाट धरली जाते. फिट येणे हा मेंदूचा आजार आहे, त्याला औषध आहे. बाळंतपणानंतर मन खचणे हाही आजार आहे, त्यालाही उपचार आहे. उशीर झाला तर नुकसान आपल्या माणसाचे होते, आणि पैसा जातो तो आपल्या घामाचा.

यासाठी आता कायदाही आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी वर्षानुवर्षे त्याचा पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्र विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही गुन्हा आहे. शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत आणि दंड ५ हजारांपासून ५० हजार रुपयांपर्यंत. आमच्या चाळीत त्या सुनेला धुरी दिली तेव्हा हा कायदा नव्हता. आज आहे, आणि तो आपल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवा.

खेळायचा असेल तर

हा खेळ संगणकावर चालतो. तो विकत घ्यावा लागतो. कंपनीच्या संकेतस्थळावर आणि 'स्टीम' या इंटरनेटवरच्या दुकानात तो मिळतो. जुना खेळ असल्याने त्याला फार भारी संगणक लागत नाही. भाषा इंग्रजी आहे, मराठीत तो नाही. पण पात्रे बोलतात ते पडद्यावर लिहूनही येते. माझी भाची शब्दकोश मांडीवर घेऊन बसायची आणि वहीत शब्द उतरवून ठेवायची. विहाराच्या अभ्यासिकेत संगणक असेल तर सुट्टीच्या दिवशी पाच-सहा मुलांनी मिळून एकच खेळ सोडवावा. एकाने माऊस धरावा, एकाने वाचावे, एकाने वहीत नोंदी कराव्यात.

आणि घरी संगणक नसेल तरी काही अडत नाही. रात्री दिवे गेले आणि मूल म्हणाले, "आई, तिकडे काहीतरी आहे," तर "गप्प झोप, नाहीतर बागुलबुवा येईल" असे म्हणू नका. बॅटरी घ्या, मुलाचे बोट धरा आणि दोघे मिळून बघायला जा. दोरीवरचे धुणे हलत असेल, नाहीतर पत्र्यावर मांजर असेल. ते मुलालाच शोधू द्या.

भाची परत गेली त्या दिवशी मी तिला त्या चाळीतल्या सुनेची हकीकत सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "आत्या, तेव्हा तू तरी तिच्याशी बोलायचं होतंस ना?"

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. पण खरे आहे, मीही विचारले नव्हते. मीही दारातून डोकावून पळाले होते. माझी भाची पळणार नाही, एवढे मात्र मला आता वाटते.

जय भीम!