वच्चकुटी : परसातील लहान खोली आणि विनय

घरापासून थोड्या अंतरावर, परसात उभारलेल्या शौचकुटीला पालि वाङ्मयात 'वच्चकुटी' ही संज्ञा आहे. वच्च म्हणजे मल. चुल्लवग्गाच्या खुद्दकवत्थुक्खन्धकात तिची उत्पत्ती सांगितली आहे. भिक्खू आरामात वाटेल तेथे मलविसर्जन करीत, त्यामुळे आराम अस्वच्छ होई. म्हणून तथागतांनी प्रथम एका बाजूची जागा व नंतर खड्डा घेण्याची अनुज्ञा दिली. कडा ढासळल्या, तेव्हा त्या विटा, दगड वा लाकूड यांनी बांधण्याची आणि दुर्गंधी आली, तेव्हा झाकणाची. नांदुऱ्याच्या परिसरातील काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तेथे न बांधलेला खड्डा का टिकत नाही, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही.

याहून महत्त्वाचे नियम वत्तक्खन्धकात आहेत. संघात ज्येष्ठतेला मान असे. परंतु वच्चकुटीतही ज्येष्ठांना अग्रक्रम मिळू लागल्याने ताटकळलेले नवे भिक्खू मूर्च्छित होऊन पडत. तेव्हा येथे ज्येष्ठता नव्हे, तर येण्याचा क्रम पाळावा, असे तथागतांनी ठरविले. बाहेरच्याने खाकरावे व आतल्याने प्रतिसाद द्यावा, ही आपल्या खेड्यांतील रीतही तेथे नियमरूपाने आढळते. कुटी मळलेली दिसली, तर पाहणाऱ्यानेच धुवावी, झाडावी. पाणी संपले असेल, तर भांडे भरून ठेवावे. या कामासाठी वेगळा वर्ण वा वेगळी जात विनयाने नेमलेली नाही.

आपल्या समाजाने मात्र हे काम जन्मावर लादले. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध 1993 मध्ये व पुन्हा अधिक व्यापक असा 2013 मध्ये कायदा करावा लागला. तरीही सेप्टिक टाकी उपसताना माणसे गुदमरून मरतात. म्हणून संडास बांधताना तो रिकामा कसा होणार, हा प्रश्न आधी विचारावा. दोन शोषखड्ड्यांच्या संडासात एक खड्डा भरला, की तो बंद करून दुसरा वापरात घेतात. वर्षभराहून अधिक काळ बंद राहिल्यावर पहिल्यातील मैल्याचे मातीसारखे खत होते व ते घरातील कोणासही काढता येते.

आपण घाण करावी आणि दुसऱ्याने ती उचलावी, या विभागणीत विषमतेचे मूळ आहे. आपल्या घरचा संडास आपण स्वतः धुणे, हे त्या दृष्टीने विनयाचेच आचरण होय.